दुसरं कार्ड, जास्तीचे किती?



क्रेडिट कार्ड म्हणजे काय, बिल कधी निघतं, पैसे भरायची शेवटची तारीख कुठे छापलेली असते, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. वेळ थोडा आहे. विषय आहे कॅशबॅक देणाऱ्या कार्डांचा, म्हणजे कोणती कार्डं एकत्र ठेवली तर सगळ्यात जास्त पैसे परत येतात, याचा. त्यात मला एकच प्रश्न तुमच्या गळी उतरवायचा आहे. दुसरं कार्ड घेतलं तर जास्तीचे किती?

एकूण किती, असं मी विचारत नाहीये. जास्तीचे किती. पहिल्या कार्डावर जे मिळतच होतं ते वजा करायचं, फी वजा करायची, आणि उरेल ते रुपयांत मांडायचं. टक्क्यांत नको. मॉलच्या जिन्यापाशी टेबल टाकून बसलेला मुलगा 'पाच टक्के' म्हणतो, त्यात त्याचं काही चुकत नाही. तेवढंच सांगायचा त्याला पगार मिळतो. पाच टक्के कशावर, कुठवर आणि कशाच्या बदल्यात, हे विचारणं आपलं काम. आपण मात्र विचारतो, "बॅग फुकट मिळेल ना?"

आपल्या ओट्यावरचा मिसळणाचा डबा डोळ्यांपुढे आणा. सात वाट्या, एक चमचा. हळद रोज, प्रत्येक पदार्थात. मोहरी-जिरं बहुतेक फोडण्यांत. हिंग चिमूटभर, पण वास सगळ्या घरभर. कार्डांचंही तसंच आहे. सगळीकडे एक टक्का देणारं कार्ड ही हळद. ऑनलाइन खरेदीला पाच टक्के देणारं ते जिरं. आणि एकाच ठिकाणी दहा टक्के देणारं कार्ड म्हणजे हिंग. आता हिंगाची मोठी वाटी भरून ठेवणारं घर तुम्ही पाहिलंय का? नाही ना? मग पाकिटात ती का ठेवता?

आता हिशेब. जवळ कागद असेल तर घ्या. समजा पुण्यातल्या एका घराचा महिन्याचा खर्च 60,000 रुपये. त्यात घरकर्जाचा हप्ता 22,000, शाळेची फी 6,000, सोसायटीचा मेंटेनन्स 3,500, वीज 2,000, पेट्रोल 3,500, भाजी-दूध 4,000. हे सगळं कॅशबॅकच्या दृष्टीनं बहुतेक कोरडं. हप्ता कार्डावर जात नाही. पेट्रोल, शाळा, वीज, विमा, भाडं हे बऱ्याच कार्डांनी बारीक अक्षरांत वगळलेलं असतं. उरलं काय? किराणा 9,000, ऑनलाइन खरेदी 6,000, बाहेरचं खाणं 2,500, औषधं 1,500. बेरीज 19,000. साठातले एकोणीस हजार! कार्डांची सगळी निवड या 19,000 साठी चाललेली असते. हा आकडा ज्यानं कागदावर काढला नाही, त्यानं कार्डांच्या जोड्या लावत बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नावं घेते, ती उदाहरणापुरती. जाहिरात समजू नका. ॲमेझॉन पे आणि आयसीआयसीआय बँकेचं कार्ड 2018 मध्ये आलं. वार्षिक फी नाही. ॲमेझॉनवर प्राइमच्या सभासदांना 5 टक्के, इतरांना 3, आणि बाहेर साधारण 1 टक्का. दुसरं, एसबीआय कार्डाचं 'कॅशबॅक' नावाचंच कार्ड, 2022 चं. कुठेही ऑनलाइन 5 टक्के, दुकानात 1. फी 999 रुपये, वर्षाला 2 लाख खर्च केला तर माफ. अटी हलत असतात, म्हणून अर्ज भरताना त्या दिवसाच्या अटी वाचायच्या. याच कार्डाची महिन्याची मर्यादा मे 2023 मध्ये 10,000 रुपयांवरून 5,000 वर आली, आणि त्याच वेळी वगळलेल्या खर्चांची यादी लांबली.

आपलं घर प्राइमचं सभासद आहे, ऑनलाइन खरेदीचे ते 6,000 रुपये ॲमेझॉनवरच जातात आणि पहिलं कार्ड हातात आहे, असं समजा. म्हणजे 300 रुपये येतायत. आता कोणी सांगतं, दुसरं घ्या, पाच टक्के आहेत. या 6,000 वर दुसऱ्या कार्डाचेही 300 च. जास्तीचे किती? शून्य. जाहिरात खरी, टक्के खरे, आणि जास्तीचे शून्य. हे पुन्हा सांगते, कारण इथेच कान दुसरीकडे जातो. आधीचेच 300 तुम्ही नव्या पाकिटातून घेतलेत, आणि वर एका कार्डाची फी आणि एक तारीख डोक्यावर घेतलीत.

आता दुसरं घर. खरेदी दहा ठिकाणी विखुरलेली, ॲमेझॉनचं विशेष काही नाही. बाहेरच्या खाण्यातले 1,000 रुपये ॲपवरून घरी मागवलेले, ते ऑनलाइनमध्ये धरा. म्हणजे ऑनलाइन 7,000, दुकानातले 12,000. फुकटच्या एक टक्क्याच्या कार्डावर महिन्याला 190. ऑनलाइनसाठी पाच टक्क्यांचं कार्ड घेतलं तर 350 आणि दुकानांचे 120, मिळून 470. वर्षाला 5,640. झकास! पण गंमत पुढे आहे. तुम्ही हुशारी करून दोन कार्डं वापरलीत, दुकानात फुकटचं आणि ऑनलाइन फीवालं. मग फीवाल्या कार्डावर वर्षाला 84,000 च खर्च झाला. दोन लाख झाले नाहीत, माफी हुकली. 999 रुपये फी, त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 1,179 गेले. हातात राहिले 4,461. हाच सगळा खर्च एकाच कार्डावर केला असता तर 2,28,000 होतात, फी माफ होते आणि 5,640 पूर्ण राहतात. जोडीपेक्षा एकटं कार्ड बरं! डब्यात नवी वाटी बसवली ती जुनीतलंच जिरं अर्धं काढून भरली, आणि वाटीचे पैसे वर दिले, असा हा प्रकार.

आता हिंगाकडे येऊ. खाणं मागवायच्या ॲपवर 10 टक्के देणारं कार्ड, फी 500. घरी मागवतो 1,000 चं. दहा टक्क्यांनी 100 रुपये. पण पाच टक्क्यांच्या कार्डावर 50 मिळतच होते. जास्तीचे 50. वर्षाचे 600. फी आणि जीएसटी 590. जास्तीचे किती? दहा रुपये. वर्षाला. कटिंग चहाचे. आणि एखाद्या महिन्यात बिल भरायचं राहिलं तर लेट फीच काही शेकड्यांत.

"मग आम्ही जास्त मागवू," असं कोणीतरी मनात म्हटलं असणार. दहा टक्क्यांसाठी नव्वद टक्के खर्च करायचा? हिंग संपवायचा म्हणून कोणी पाच भांडी आमटी करत नाही हो.

याचा अर्थ दुसरं कार्ड कधीच नको, असा नाही. मी आज निवडीवर बोलायला बसलेय, कार्डं कातरायला नाही. दुसरं कार्ड तिथे घ्या, जिथे पहिलं हात वर करतं. आपल्या घराचं वीजबिल 2,000. पाच टक्क्यांच्या कार्डावर त्याला काही नाही. एअरटेल आणि ॲक्सिस बँकेचं कार्ड आहे, फी 500. त्यांच्या ॲपमधून वीज-गॅसचं बिल भरलं तर 10 टक्के, महिन्याला जास्तीत जास्त 250 रुपये. इथे पहिल्याचं वजा करायचं काही नाही, म्हणून जास्तीचे पूर्ण 200. वर्षाचे 2,400, फी काढून 1,810. ॲप वरून सुविधा शुल्क लावत असेल तर तेही काढा. दोन्ही कार्डं दहाच टक्क्यांची. एकानं दहा रुपये दिले, दुसऱ्यानं अठराशे. टक्के बघणाऱ्याला हे दिसतच नाही.

आणि मर्यादा. मे महिन्यात एसी लागला, महावितरणचं बिल 4,000 आलं. दहा टक्क्यांनी 400 व्हायला हवेत, मिळतात 250 च. वाटी तेवढीच आहे, वरून ओताल ते ओट्यावर. म्हणून प्रत्येक कार्डाची वाटी किती रुपयांना भरते ते काढून ठेवा. दहा टक्के आणि 250 ची मर्यादा, म्हणजे 2,500 च्या बिलाला वाटी भरली. पुढचं बिल दुसऱ्या कशानं भरा.

भाजी-दुधाचे 4,000 राहिले. तिथे यूपीआय चालतं. 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, आणि काही रुपे कार्डं त्यावर एखादा टक्का देतात. फक्त समोरचा क्यूआर दुकानाचा हवा. भाजीवाल्यानं स्वतःच्या खात्याचा क्यूआर लावला असेल तर क्रेडिट कार्डाचे पैसे त्यावर जात नाहीत. त्याच्याशी हुज्जत घालू नका. चाळीस रुपयांसाठी रांग अडवू नये.

एक बारीक गोष्ट, फार लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून. कॅशबॅक तुम्ही काय घेतलंत यावर ठरत नाही, दुकानातलं कार्डाचं मशीन कोणत्या वर्गात नोंदलंय यावर ठरतो. प्रत्येक मशीनमागे चार आकड्यांचा कोड असतो. किराणा मालाचा 5411, पेट्रोल पंपाचा 5541. पंपाच्या आवारातल्या दुकानात बिस्किटं घेतलीत आणि मशीन पंपाच्याच नावाचं असेल, तर बँकेच्या लेखी तुम्ही पेट्रोल घेतलंत. कॅशबॅक नाही. कस्टमर केअरच्या पोरीला रागावून काय होणार? नव्या दुकानात आधी छोटी रक्कम भरून बघा, बिलात पैसे वळते झाले तर पुढचं सगळं तिथे.

हे पैसे येतात कुठून, तेही ओझरतं सांगते. कार्डानं पैसे घेतले की दुकानदाराला रकमेतला थोडा हिस्सा बँकांना द्यावा लागतो. त्यातला तुकडा तुमच्याकडे येतो. बँक खात्यावरच्या साध्या यूपीआयला जानेवारी 2020 पासून असा हिस्साच नाही, म्हणून तिथे नेमानं काही परत येत नाही. पण बँकेची दुसरी मोठी मिळकत म्हणजे व्याज, आणि ते आपल्यातलेच काही लोक भरतात.

व्याजाचं एवढंच ऐका. आपल्या घराचं बिल 19,000. सगळं न भरता 'मिनिमम ड्यू' भरून सोडलं. महिन्याला पावणेचार टक्के व्याज बऱ्याच कार्डांवर असतं, वर्षाचे 45. महिनाभर ते 19,000 अंगावर राहिले असं धरा. व्याज 712, जीएसटी धरून 840 च्या घरात. कॅशबॅक किती होता? 470. आणि एकदा बाकी राहिली की नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2008 साली अशा व्याजावर 30 टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2024 मध्ये तो निर्णय रद्द केला. तेव्हा कोणी आडवं येईल या भरवशावर राहू नका. बँकेत ऑटो-डेबिट लावा, आणि अर्जावर 'पूर्ण रक्कम' या चौकोनात खूण करा. शेजारीच 'किमान रक्कम' असतं. चष्मा लावून करा.

स्टुडिओच्या काचेपलीकडून बोटं दाखवतायत, दोनच मिनिटं उरलीत. प्राइमचं सांगायचं होतं. वर्गणी भरून तीनाचे पाच टक्के करावेत का, तर तिथेही तोच प्रश्न. दोन टक्क्यांचे वर्षाला रुपये किती आणि वर्गणी किती… ते तुम्ही घरी मांडा. कार्डावर घेतलेल्या ईएमआयला बहुतेक ठिकाणी कॅशबॅक नसतो, तो विषय मोठा आहे, राहू दे. सगळी कार्डं एकाच महिन्यात मागू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलकडे नोंदली जाते.

आणि डब्यात पडून असलेलं कार्ड बंद करायचं असेल तर बँकेला टाळता येत नाही. थकबाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत ते बंद झालंच पाहिजे, नाहीतर बंद होईपर्यंत दिवसाला 500 रुपये तुम्हाला द्यावे लागतात. रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे. अर्ज ईमेलनं करा, म्हणजे तारीख राहते. त्याआधी साठलेला कॅशबॅक बिलात वळता झालाय ना, ते बघा. काही कार्डांवर तो आपोआप येत नाही, मागून घ्यावा लागतो, आणि कार्ड बंद केल्यावर मागायला… हो, हो, थांबते.