कुपा आणि लांब दोरी

लंकेच्या किनाऱ्यावरील नेगोंबो किंवा बेरुवला बंदरांतून निघालेली लहानशी नाव कित्येक आठवडे परतत नाहीं. कोंकणांत ज्याला कुपा म्हणतात, त्या माशासाठीं ती मैलोगणती लांब दोरी समुद्रांत सोडते. तिला अंतराअंतरानें आमिष लावलेले गळ लोंबत असतात. पण गळाला निवड कळत नाहीं. कुप्यासाठीं मांडलेल्या आमिषाला कासव लागतें, मुशीही लागते.

२०१५ सालीं युरोपीय संघानें लंकेच्या मासळीस आपला बाजार बंद केला. दूर समुद्रांत जाणाऱ्या नावांवर पुरेशी देखरेख नाहीं, हें त्याचें एक कारण होतें. पुढें नावांवर ठावठिकाणा कळविणारीं यंत्रें बसलीं आणि २०१६ सालीं बंदी उठली.

तथापि नोंद म्हणजे संयम नव्हे. संयमाचे उपाय साधे आहेत. टोंक आंत वळलेला वाटोळा गळ कासवाच्या घशांत सहसा उतरत नाहीं. गळाला पोलादी तारेऐवजीं नायलॉनची दोरी असली, तर मुशी ती चावून सुटूं शकते. दोरी खोल सोडली, तर वरच्या थरांतलीं कासवें वांचतात. आणि धरलेला कुपा तत्काळ बर्फांत नीट ठेवला, तर थोड्या माशांनाही चांगलें मोल येतें.

हा शेवटचा उपाय मुख्य होय. मोल वाढविल्यावांचून कर्जबाजारी नावाड्यास "गळ कमी करा" असें सांगणें म्हणजे उपाशी माणसास उपवासाचा उपदेश करणें होय. समुद्र राखावयाचा, तर नावाडीही राखला पाहिजे.