पुढच्या विंडोजकडून आपल्या अपेक्षा

आम्ही नाशिक रोडहून बोलतोय. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते. बऱ्याच जुन्या कॉम्प्युटरमध्ये ती नसते. मग चालता कॉम्प्युटर बाजूला ठेवून बचत गटाने नव्यासाठी पैसे मोडायचे का? तेवढ्यात एखादीचं कर्ज भागतं.

म्हणून पुढच्या आवृत्तीकडून आम्हाला तीन गोष्टी हव्यात: ती जुन्या यंत्रावर चालावी, सूचना सोप्या मराठीत द्याव्यात आणि ऐन बैठकीत अपडेट सुरू करू नये.

तोवर सी-डॅकची मोफत ‘बॉस’ लिनक्स जाणकाराकडून तपासून घ्या. तिच्यात मराठीची सोय आहे. पण आधी हिशोबाची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा, बरं का!