अंधारातील खेळ आणि खिशातील कॅमेरा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी कामगार यांपैकीच काहीतरी आम्ही सांगू अशी त्यांची समजूत असावी. त्या विषयांवर आम्ही वर्षाचे बाकीचे दिवस बोलतच असतो. आज करमणुकीविषयी बोलायचे आम्ही ठरविले आहे. एकाची करमणूक म्हणजे दुसऱ्याची पाळी असते. तेव्हा हा विषय आमच्या धंद्याबाहेरचा आहे असे कोणी मानू नये.

मोठ्या करमणूक-उद्यानांत अंधारी सफर नावाचा एक प्रकार असतो. लहानशा गाडीत किंवा होडीत बसवून आपल्याला काळोख्या दालनांतून फिरवितात आणि वाटेत भुते, चाचे, पऱ्या, जळती गावे दाखवितात. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १९५५ साली उघडले, तेव्हा पहिल्या दिवसापासून तेथे पीटर पॅनची अशी सफर होती. कॅरिबियन समुद्रातील चाच्यांची सफर १९६७ साली आली आणि भुताचा वाडा १९६९ साली. आपल्याकडे खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका उघडले, आणि उद्यानातील अंधाराची ही हौस पुण्यामुंबईच्या मंडळींच्या आवाक्यात आली. हल्ली तर आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे परदेशी असतात. तीही आईबापांना हटकून तेथे नेतात.

आता, या खेळांत काय असते? खरे सांगायचे तर प्लायवूड, रंग, काच, मोटारी आणि तारा. बाकी सारे काम अंधार करतो. भिंतीवर असा रंग लावलेला असतो की तो फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या जंबुपार किरणांत चमकतो. साधा उजेड पडला की तीच चांदणी रात्र रंगविलेली फळी होऊन बसते. भुताच्या वाड्यात नाचणारी पारदर्शक भुते तर याहून जुनी आहेत. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत १८६२ च्या नाताळच्या आदल्या दिवशी प्राध्यापक पेपर यांनी हा प्रयोग लोकांना दाखविला. मूळ कल्पना हेन्री डर्क्स नावाच्या अभियंत्याची. पण नाव राहिले ते पेपरचे. (असे कारखान्यांतही होते, हे आपणांस सांगायला नको.) प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यामध्ये एक मोठी स्वच्छ काच तिरकी उभी करावयाची, आणि प्रेक्षकांना न दिसणाऱ्या बाजूच्या खोलीत भुताचा वेष घेतलेल्या नटावर उजेड टाकावयाचा. त्याचे प्रतिबिंब काचेत पडते, काच दिसत नाही, आणि भूत हवेत तरंगते. उजेड कमी केला की भूत विरते. वाड्यातील मेजवानीच्या दालनात आजही हीच युक्ती आहे.

या साऱ्यात उजेडाचा हिशेब वाण्याच्या वहीसारखा मांडलेला असतो. त्यात एखाद्याने फ्लॅश उडविला की काचेत भुताऐवजी त्या फ्लॅशचाच ठिपका चमकतो. काच काच दिसते, मागचा सांगाडा दिसतो, आणि पडद्यावर सोडलेले चित्र पुसले जाते. आपल्याच मुलखात, कल्याणच्या पटवर्धन मंडळींनी शंभरावर वर्षांपूर्वी काचेवरची रंगीत चित्रे दिव्याने पडद्यावर टाकून ‘शांबरिक खरोलिका’ दाखविली. त्या खेळात कोणी मध्येच कंदील उंच धरला असता, तर शेजाऱ्यांनी त्याला काय केले असते याची कल्पना करून पाहावी.

बिघाड एका क्षणाचा असतो असे म्हणणारे लोक आहेत. ते डोळ्याचा विचार करीत नाहीत. उजेडातून अंधारात आल्यावर डोळा पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, कारण अंधुक उजेडात पाहण्यासाठी डोळ्यात जे द्रव्य लागते ते हळूहळू साठते. लखलखीत उजेडाने ते एका झटक्यात उडून जाते. सफर काही मिनिटांची असते. म्हणजे पुढच्या गाडीतील फ्लॅशने मागच्या गाडीतील म्हाताऱ्या माणसाची उरलेली सारी सफर जाते. आणि तिकीट त्यानेही काढलेले असते, रांगेतही तो तितकाच वेळ उभा असतो.

बरे, फ्लॅशवाल्याला तरी काय मिळते? फोनचा तो इवलासा दिवा दहाबारा फुटांपलीकडे फारसा उपयोगी पडत नाही. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, हा साधा नियम आहे. घरी येऊन पाहावे तर पुढच्या बाकाची पाठ लख्ख आणि भुते गायब. फ्लॅश बंद ठेवला तरच काही हाती लागण्याची आशा.

फ्लॅशची बंदी पुष्कळांना आता पटली आहे. तंटा आहे तो फोनच्या काचेच्या उजेडाचा. ‘आम्ही फ्लॅश कोठे लावला?’ असे म्हणून मंडळी फोन डोक्यावर धरतात आणि अखेरपर्यंत चित्रीकरण करतात. मागच्याला भुताचा वाडा दिसतो तो तळहाताएवढा, आणि तोही दुसऱ्याच्या हातात. फोनची उजळी अगदी कमी करून तो छातीपाशी धरला, तर तक्रारीला फारशी जागा राहत नाही. फोकस साधण्यासाठी आपोआप लागणारा लहान दिवाही बंद करता येतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

चित्र घेऊच नये असे आमचे म्हणणे नाही. ज्या आजीला तेथवर जाता येत नाही तिला ते दाखविण्यात वावगे काय? शिवाय हे खेळ चिरंजीव नसतात. अणूच्या पोटात नेणारी डिस्नेलँडची १९६७ सालची सफर १९८५ साली बंद झाली. स्प्लॅश माउंटन अमेरिकेत २०२३ साली बंद झाले. मोडलेल्या खेळाची आठवण राहते ती पुष्कळदा रसिकांनी काढून ठेवलेल्या चित्रफितींतच. मालक जुने यंत्र भंगारात घालतो, तेव्हा हौशी माणसानेच त्याची नोंद ठेवलेली असते. तेव्हा सरसकट मनाई आम्हांला मान्य नाही. मागच्या माणसाचा अंधार शाबूत ठेवून जे साधेल ते साधावे, एवढेच.

लांब काठीला फोन लावण्याची गोष्ट मात्र वेगळी. डिस्नेच्या उद्यानांनी २०१५ च्या उन्हाळ्यात या काठ्यांवर बंदी घातली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील त्यांच्या एका उद्यानात धावत्या गाडीत एका प्रवाशाने काठी बाहेर काढली म्हणून खेळ थांबवावा लागला होता. काठी रुळावर पडली, चाकात गेली किंवा मागच्याच्या तोंडावर बसली, तर निस्तरायचे कोणी? तेथे नोकरीला असलेल्याने.

आणि आता आम्ही आमच्या माणसांकडे येतो. ‘फ्लॅश बंद करा’ हे वाक्य ध्वनिक्षेपकावरून पाळीभर बोलणारा एक माणूस असतो. ऐकले नाही तर शेजारी त्याला दोष देतात, आणि टोकले तर फोनवाला साहेबाकडे तक्रार करतो. दोन्हीकडून मार त्यालाच. पुन्हा, ज्याचे चित्र घेतले जाते तोही कामगारच असतो. आमच्या ओळखीच्या एका करमणुकीच्या ठिकाणी भुताचा पोशाख घालून कोपऱ्यात उभे राहणारा एक तरुण होता. प्रेक्षकाने काढलेली वीस सेकंदांची फीत फिरतफिरत व्यवस्थापनाकडे गेली. तीत तो मुखवटा वर करून पायरीवर टेकलेला दिसत होता. नोटीस आली. त्या मुखवट्यात तो सकाळपासून किती तास होता, हे त्या फितीत कोठे दिसणार? चौकशीत आम्ही भांडलो. नोकरी वाचली, ताकीद मात्र कागदावर राहिली. ज्याने ती फीत काढली तो बहुधा भला माणूस असेल. गंमत म्हणूनच त्याने ती चार लोकांना पाठविली असेल.

म्हणून मुखवट्यामागच्या माणसाला विचारल्यावाचून त्याच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नये, असे आम्ही म्हणतो. त्याला कित्येकदा बोलण्याचीही बंदी असते; तेव्हा मानेने तो नाही म्हणाला तर ते नाहीच समजावे. डिस्नेलँडमध्ये मिरवणुकीत नाचणारे व पात्रांचे पोशाख घालून फिरणारे सुमारे सतराशे कामगार २०२४ च्या मे महिन्यात मतदान करून नटांच्या संघटनेत दाखल झाले. सत्तर वर्षे जुन्या त्या उद्यानात परीकथेतील पात्रांना संघटना हवीशी वाटली, हे वाचून आमच्या कचेरीत त्या दिवशी चहा दोनदा झाला.

राहता राहिले रांगेतले वर्तन. कोठे कॅमेरा चालतो आणि कोठे नाही, हे प्रत्येक खेळाचे निराळे असते. पाटी असते, पण ती गर्दीत दिसत नाही. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला गाडीत बसण्यापूर्वीच विचारावे. त्याला सारे पाठ असते, आणि आत गेल्यावर ओरडण्यापेक्षा बाहेर सांगणे त्याला केव्हाही सोयीचे पडते.