न बोललेलं एक दुखणं

आजचा विषय ऐकून कुणाचा हात रेडिओ बंद करायला जाईल. जरा थांबा, विषय घराघरातला आहे.

माझ्या दवाखान्यात एक तरुण आला होता. लग्न तीन महिन्यांवर. खोकला दाखवला आणि उठता उठता म्हणाला, "डॉक्टर, अजून एक विचारू?" शिश्नाच्या टोकावरची कातडी त्याला मागे घेता येत नव्हती. दहा वर्षं त्याने हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

याला फायमोसिस म्हणतात. दुसरा त्रास खालच्या बाजूच्या बारीक पट्टीचा, म्हणजे फ्रेन्युलमचा. जिभेखाली जशी पट्टी असते तशीच ही. ती आखूड असेल तर ताठरतेच्या वेळी ओढ बसते, दुखतं, कधी फाटून रक्त येतं. अशा वेळी स्वच्छ कापडाने दाबून धरा, रक्त बहुधा थांबतं. जखम भरेपर्यंत संबंध टाळा. पुन्हा पुन्हा फाटलं तर व्रण होऊन पट्टी आणखी आखडते.

आता आजी आणि आयांसाठी. बाळाची कातडी जन्मतः आतून चिकटलेलीच असते. ती हळूहळू आपोआप सुटते, काहींची तर वयात येईपर्यंत. बाळंतपणासाठी भारतातून आलेली आजी प्रेमाने तेल लावते, लावू दे. पण कातडी मागे ओढू नका. ओढल्याने चिरा पडतात आणि खरा फायमोसिस तिथून सुरू होऊ शकतो. मात्र लघवीला दुखत असेल, धार बारीक असेल किंवा सूज वारंवार येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

उपचार काय? बहुतेकांना आधी स्टेरॉइडचं मलम काही आठवडे लावायला देतात. सोबत कोमट पाण्यात दुखणार नाही इतपत हलका ताण द्यायचा. पुष्कळांचं एवढ्यावर भागतं. आखूड पट्टीसाठी फ्रेन्युलोप्लास्टी ही छोटी शस्त्रक्रिया आहे. बहुधा त्याच दिवशी घरी जाता येतं. सुंता हा उपाय आहे, पण प्रत्येकाला लागतो असं नाही. कातडी पांढरी, कडक होत चालली असेल तर मात्र ती करावी लागू शकते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. चाळिशी-पन्नाशीत कातडी नव्याने घट्ट झाली, खाज, लाली आली, तर रक्तातली साखर तपासा. मधुमेहाची ती पहिली खूण असू शकते, आणि आपल्या लोकांत तो कमी नाही. दुसरी: मागे गेलेली कातडी पुढे येत नसेल आणि टोक सुजत असेल, तर सकाळपर्यंत वाट पाहू नका. लगेच इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जा.

इथे ब्रिटनमध्ये जीपीकडे पुरुष डॉक्टर मागता येतो, दुभाषाही मिळतो. फोनवर कारण सांगायला संकोच वाटला तर "खासगी तक्रार आहे" एवढं पुरे.

त्या तरुणाला सहा आठवड्यांत मलमानेच आराम पडला. जाताना म्हणाला, "दहा वर्षं उगाच घालवली." तुमच्या घरातल्या मुलाची ती वर्षं वाचावीत, एवढ्यासाठी आजचं बोलणं.