गाणी शिळी का होतात?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी व्यासपीठाच्या कोपऱ्यात पेटीमागे बसलेली असते. आज मला तेथून उठवून ध्वनिक्षेपकापुढे उभे केले आहे, तेव्हा चार शब्द चुकले तर सांभाळून घ्यावे. बोलणे हा काही माझा प्रांत नव्हे. पण पेटीमागे बसणाऱ्या बाईला एक गोष्ट इतरांपेक्षा अधिक ठाऊक असते, ती म्हणजे कोणते गाणे किती वेळा झाले. ऐकणारी मधेच उठून पाणी प्यायला जाऊ शकते. वाजविणारीला ती सोय नाही.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गाण्यासाठी अकरा जणींनी नावे दिली. त्यांपैकी चौघींचे गाणे एकच! प्रत्येकीचे म्हणणे, "माझं चांगलं बसलंय हो, दुसरीला बदलायला सांगा." शेवटी दोघींनी मिळून म्हणावे आणि दोघींनी दुसरे निवडावे असा तोडगा निघाला. मिळून म्हणणाऱ्या दोघी एकमेकींवर रुसल्या आणि दुसरे निवडणाऱ्या दोघी माझ्यावर. अजूनही त्यांतली एक मला वाण देताना मान वळवते. (ती समोरच बसली आहे, आणि आता हसते आहे, म्हणजे राग गेला असे मी धरून चालते.)

ही गाणी कोणती, हे मी सांगायला नको. 'साधी माणसं' या १९६५ सालच्या चित्रपटातले ऐरणीचे गाणे. आपल्या अमरावतीच्या सुरेश भटांचे मेंदीवरचे गाणे. संसाराला तव्याची उपमा देणारे बहिणाबाईंचे गाणे. गीतरामायणातली ठरलेली चार पदे. आणि १५ ऑगस्ट वा २६ जानेवारी असली की हुतात्म्यांवरचे ते हिंदी गीत. वाशीमला जा, रिसोडला जा, कारंज्याला जा, मंगरुळपीरला जा. महिलांचा कार्यक्रम म्हटला की हीच पंगत, हेच वाढप.

आता कोणी म्हणेल, गाणी चांगली आहेत म्हणूनच लोक म्हणतात. अगदी खरे. त्या हिंदी गीताचेच घ्या. १९६२ च्या युद्धात आपले हजारो जवान पडले, मारे गेले, बेपत्ता झाले. ती जखम ओली असताना कवी प्रदीप यांनी ते लिहिले, सी. रामचंद्र यांनी चाल दिली आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंच्या समोर लता मंगेशकर यांनी ते गाइले. त्या दिवशी त्या गाण्यामागे घराघरांतले दुःख उभे होते. आज आपण ते म्हणतो तेव्हा आपल्या मनात काय असते? बहुधा इतकेच, की वरचा सूर लागेल की नाही! दोष गाण्याचा नाही. गाणे वारंवार म्हटल्याने शिळे होत नाही. आपले काहीच त्यात न घालता म्हटल्याने ते शिळे होते.

याला पुरावा आपल्या घरातच आहे. भुलाबाईची गाणी आठवा. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत, महिनाभर, रोज संध्याकाळी, घरोघर तीच गाणी. आपल्या आयांनी म्हटली, आपण म्हटली. कोणाला कंटाळा आला होता का? उलट एक घर चुकले तर रडू येई. कारण गाण्यात आपल्या भावाचे नाव घालता येई, वहिनीला चिमटा काढता येई, टिपऱ्यांचा ठेका वाढवता येई, आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा असे. तेथे कोणी गायिका नव्हती आणि कोणी श्रोता नव्हता. आपल्या जिल्ह्यातल्या तांड्यांवर जाऊन पाहा. श्रावणात तीजच्या वेळी बंजारा मुली टोपल्यांतल्या गव्हाच्या अंकुरांभोवती गाणी म्हणतात. तीही दरसाल तीच असतात, पण शिळी झालेली मी तरी ऐकली नाहीत.

बहिणाबाईंची गोष्ट तर आपल्याला लाजविणारी आहे. जळगावजवळच्या असोद्याची ही शेतकरी बाई, अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात काम करता करता तिला गाणी सुचत. मुलगा सोपानदेव आणि घरचे एक नातलग यांनी ती उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी ती गेली. मग ती वही आचार्य अत्र्यांच्या दृष्टीस पडली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापून निघाली. पुढे १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात त्यांतली काही आली आणि घरोघर पोचली. ती टिपली गेली नसती तर? बहिणाबाई दुसऱ्या कोणाचे गाणे हुबेहूब म्हणून बहिणाबाई झाली नाही. ती आपल्या जात्याच्या घरघरीवर आपले बोलली. आणि आपण काय करतो? तिचे गाणे घेतो, पण तबकडीवर ज्या गायिकेने जसा श्वास घेतला तसाच, त्याच ठिकाणी, घेण्याची धडपड करतो.

हल्ली तर मोबाईलवर कराओके लावतात. वाद्ये आयती, ठेका आयता, आणि पट्टीही बहुधा मूळ गायिकेचीच. मैत्रिणींनो, तरुणपणी काळी पाचात सहज गाणारा गळा वय झाल्यावर काळी तीनवर सुखी असतो. यात लाज कसली? पण आपण हट्टाने वर चढतो, अंतऱ्याला आवाज फाटतो, आणि मग "आज घसा बसलाय" म्हणून सांगतो. घसा बसलेला नसतो. पट्टी आपली नसते. मी पेटीवर हळूच दोन स्वर खाली उतरले की काही जणी माझ्याकडे रागाने पाहतात. पण त्याच जणी गाणे संपल्यावर "आज कसं छान लागलं!" असेही म्हणतात. मोबाईलवरही पट्टी उतरवता येते म्हणे. तेवढे तरी करा.

गीतरामायणाचे उदाहरण देते. १ एप्रिल १९५५ रोजी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ते सुरू झाले. दर आठवड्याला एक नवे गीत. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून ५२ ची ५६ गीते झाली आणि १९ एप्रिल १९५६ ला ते पुरे झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली. छप्पन्न गीते! त्यांत कौसल्या बोलते, शापातून सुटलेली अहल्या बोलते, शूर्पणखा बोलते, शबरी बोलते, सीता बोलते. मूळ कार्यक्रमात माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे अशा गायिका होत्या. पुढे बाबूजी एकटेच सगळे गात फिरले, म्हणून स्त्रियांची ही पदेसुद्धा आपल्या कानांत पुरुषाच्याच आवाजात बसली आहेत. आपल्या मंडळात अहल्येचे पद कोणी म्हटले आहे? माझ्या पेटीवर तरी ते एकदाही वाजले नाही. बावन्न पदे कपाटात ठेवून आपण चार पदांवर वर्षानुवर्षे संसार करतो आहोत.

येथवर मी तुम्हाला बोलले. आता स्वतःला बोलते.

काही वर्षांपूर्वी आपल्या अशाच एका कार्यक्रमाला एक वृद्ध काकू येत असत. माहेर रिसोडकडचे. गाण्यांच्या यादीत त्यांचे नाव कधीच नसे. त्या वर्षी प्रथमच त्या माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "बाई, आमच्या मायचं एक गाणं हाये. लेक सासरी निघाली की म्हनत. म्हनू का?" वेळेचे घड्याळ माझ्या हाती होते. एकच गाणे तीन वेळा होऊन गेले होते आणि अल्पोपाहार गार होत होता. मी म्हटले, "काकू, आज उशीर झाला." त्या मुळीच रागावल्या नाहीत. "राहू दे व माय, पुढच्या साली म्हनीन," असे म्हणून शेंगदाण्याचा लाडू घेऊन त्या घरी गेल्या.

पुढच्या साली मी आठवणीने त्यांचे नाव पहिले लिहिले. त्या आल्या, पण वयाने आठवण उतरली होती. माझ्याशेजारी बसून त्यांनी डोळे मिटले आणि सबंध चाल गुणगुणली, एकही सूर न चुकता. शब्द मात्र एकही आला नाही. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा नुसत्या हसल्या. मी घाईघाईने स्वर लिहून घेतले. आता त्या नाहीत. माझ्या वहीत चाल आहे, शब्द नाहीत. तीनदा झालेल्या त्या गाण्यापैकी एकदा जरी मी थांबवले असते, तर आज दोन्ही असते.

साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' हा संग्रह केला. हेमा राईरकर आणि गी पॉईटवाँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. एवढे काम आपल्याच्याने होणार नाही. पण आपल्या आळीतल्या, आपल्या नात्यातल्या म्हाताऱ्या बायांपाशी बसणे तर होईल? जाती गेली, दळण गिरणीवर गेले. ज्यांना ती गाणी येतात त्या आपल्यादेखत एकेक उठून चालल्या आहेत.

म्हणून कार्यकारिणीपुढे तीन लहानशा सूचना ठेवते. एक, कोणतेही गाणे एका कार्यक्रमात एकदाच व्हावे. दोन, प्रत्येकीने आपल्या पट्टीत गावे. तीन, प्रत्येक कार्यक्रमाचे पहिले गाणे सर्वांत वडील बाईचे असावे, तिच्या मायचे, तिच्या सासूचे, भुलाबाईचे, पाळण्याचे, कोणतेही. आणि ते चालू असताना एकीने लिहून घ्यावे, दुसरीने मोबाईलवर उतरवून घ्यावे. ऐरणीचे गाणे आणि मेंदीचे गाणे कोठे पळून जात नाही. ती तबकडीत सुखरूप आहेत. जी तबकडीत नाहीत, त्यांना आधी जागा द्या.

माझे बोलणे संपले. आता मी माझ्या जागी, पेटीमागे जाते आणि काकूंची ती चाल वाजविते. तुमच्यापैकी पुष्कळ जणींचे माहेर रिसोड-मालेगावकडचे आहे. वाजविताना कोणाला एखादा शब्द आठवला, तर तेथेच मला थांबवावे. मधेच थांबविल्याचा मला एरवी फार राग येतो. आज येणार नाही.