उन्हाच्या मुलखातील मुडदूस

ज्या ठाणे जिल्ह्यात ऑक्टोबरपासून मेपर्यंत ऊन अंगाला चटके देते, तेथील बालकांना सूर्यप्रकाशाच्या अभावी मुडदूस व्हावा, हे प्रथमदर्शनी असंभाव्य वाटते. परंतु ठाण्यातील बाळकुमच्या पाड्यांलगत जे उत्तुंग मनोरे आता उभे राहिले आहेत, त्यांच्या बंद काचांआड वाढणाऱ्या तान्ह्याच्या त्वचेला ऊन लागावे कोठून? ड जीवनसत्त्व उत्पन्न करणारे किरण काचेपलीकडे येतच नाहीत.

मुंबई इलाख्यातील नाशिक येथे पाहणी करून हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी 1922 साली हेच नोंदविले होते: पडदा पाळणाऱ्या सुस्थित घरांतील मुलांना मुडदूस जडे, आणि आईच्या पाठोपाठ उन्हात हिंडणारी गरिबाघरची मुले हलक्या आहारावरही त्यातून सुटत.

हाडाच्या टोकांशी कूर्चेचा जो थर असतो, तेथेच हाड लांबीने वाढते. ड जीवनसत्त्वावाचून अन्नातील चुना अंगी लागत नाही, आणि ती कूर्चा कठीण न होता नुसती फुगत राहते. म्हणूनच मनगटे जाड दिसतात, टाळू लवकर भरत नाही, बरगड्यांच्या टोकांशी मण्यांसारख्या गाठी हातास लागतात, आणि मूल उभे राहू लागले की पाय फेंगडे होतात. दुसऱ्या वर्षापर्यंत थोडे फेंगडेपण स्वाभाविक असते, आणि ‘होतील मोठेपणी सरळ’ हे आजीचे म्हणणे तेवढ्यापुरते खरेही आहे. परंतु जोडीला मनगट जाड असेल, किंवा एकच पाय वाकत असेल, तर क्ष-किरण तपासणी लांबणीवर टाकू नये. वेळीच औषध मिळाले तर वाढत्या वयात हा बाक पुष्कळदा आपोआप ओसरतो, आणि तरीही केवळ दिरंगाईपायी एखाद्या मुलाच्या वाट्याला शस्त्रक्रिया यावी, याचे मला मनापासून दुःख होते.

तेल चोळून बाळाला कोवळ्या उन्हात निजविण्याची आपली रीत प्रेमाची आहे खरी, पण अगदी सकाळच्या तिरप्या उन्हात ड जीवनसत्त्व उत्पन्न करणारे किरण फारच थोडे असतात; म्हणून पहिले वर्षभर त्या जीवनसत्त्वाचे रोज 400 एककांचे थेंब द्यावेत, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे.

असे दोष वेळीच हुडकण्यासाठी असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथे, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, झाला. त्याच्या तपासणीच्या यादीत मुडदुसाबरोबर जन्मजात वाकडे पाऊल आणि खुब्याच्या सांध्याचा दोषही आहे. या कार्यक्रमाचे तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. त्या दिवशी मुलाला घरी न ठेवता, त्याची मनगटे आणि गुडघे डॉक्टरांना मुद्दाम दाखवावेत, आणि पुढील तपासणीची चिठ्ठी मिळाली तर त्याच आठवड्यात रुग्णालय गाठावे.