सायनस : चेहऱ्यामागील पोकळ्या
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



'मला सायनस आहे' असे आपण सहज म्हणतो. वास्तविक सायनस हा आजार नव्हे. चेहऱ्याच्या हाडांतील त्या हवेच्या पोकळ्या होत. शरीरशास्त्र हा माझा प्रांत नाही. परंतु रुग्णाची दृष्टी आणि उपचाराचा खर्च या दोहोंचा संबंध या रचनेशी असल्याने चार शब्द बोलण्याची अनुमती घेतो.

या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात : गालांत, कपाळात, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध आणि नाकामागे कवटीच्या तळाशी. गालातील पोकळी सर्वांत मोठी. प्रौढ माणसात तिच्यात सुमारे 15 मिलिलिटर हवा मावते. आतील अस्तरावरचे सूक्ष्म तंतू स्राव नाकाकडे ढकलीत असतात. गालातील पोकळीचे तोंड मात्र वरच्या बाजूस असल्याने तेथील स्रावाला चढण चढावी लागते. सर्दीने अस्तर सुजले की ते तोंड बंद होते, स्राव साचतो आणि गाल ठणकू लागतो. वरच्या दाढांची मुळे या पोकळीच्या तळाशी भिडलेली असतात. म्हणून एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असल्यास दातही तपासावे लागतात.

खरी चिंता शेजाराची आहे. डोळ्यांच्या मधल्या पोकळ्या आणि डोळा यांमध्ये कागदासारखा पातळ अस्थिपडदा असतो. कवटीच्या तळाशी असलेल्या पोकळीलगत दृष्टीची नस आणि मेंदूकडे जाणारी मुख्य रक्तवाहिनी असते.

या शेजाराचा अर्थ महाराष्ट्राला 2021 मध्ये उमगला. कोविडनंतर म्युकरमायकोसिसने अनेकांचे डोळे व प्राण घेतले. मे 2021 मध्ये केंद्र सरकारने राज्यांना हा रोग नोंदणीय ठरविण्यास सांगितले. या बुरशीचे बीजाणू माती, शेणखत व कुजलेल्या पाल्यात असतात. आपल्या शेतीप्रधान तालुक्यांत ते टाळता येणार नाहीत. निरोगी शरीर त्यांना दाद देत नाही. अनियंत्रित मधुमेह वा स्टिरॉइडचा अतिवापर असेल, तर बुरशी रक्तवाहिन्या बंद करते आणि मृत झालेला भाग काळा पडतो. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही; रुग्णाला दूर लोटू नये.

नातेवाइकांना नम्र विनंती : मधुमेही व्यक्तीच्या चेहऱ्याची एक बाजू दुखू लागली वा बधिर झाली, पापणी सुजली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या वा टाळूवर काळा डाग आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आहुपे वा घाटघरसारख्या दूरच्या गावांहून येणाऱ्यांनी तर सकाळची वाट पाहू नये.

देणगीदारांना एवढेच सांगणे आहे. दुर्बिणीची शस्त्रक्रिया कधी एकाहून अधिक वेळा करावी लागते आणि बुरशीविरोधी औषध कित्येक दिवस शिरेतून द्यावे लागते. धर्मादाय योजनेनुसार देयकांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. अशा एखाद्या रुग्णासाठी ती लवकर संपते. तेथे आपली देणगी उपयोगी पडते. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे वेळेवर केलेली रक्तशर्करेची तपासणी. गावोगावच्या शिबिरांसाठी आपले सहकार्य लाभावे, ही प्रार्थना.